बीबीसीचा शिक्का नसलेले 'डॉक्टर हू'चे माहितीपट

काळपेटी

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञान-काल्पनिकेवर बीबीसीने स्वतः काढलेले माहितीपट भरपूर आहेत आणि त्यातले बरेच उत्तम आहेत. मला बोलायचं आहे ते बीबीसीच्या बाहेरच्या माणसांनी, बीबीसीचा शिक्का नसताना केलेल्या कामाबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो. या मालिकेची पहिली पंचवीस-तीस वर्षं आज आपल्याला जेवढी माहीत आहेत, त्यात या अनधिकृत मंडळींचा वाटा फार मोठा आहे. 'चाहत्यांचे उद्योग' म्हणून ते काम बाजूला सारलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: 'डॉक्टर' नावाचा परग्रहावरून आलेला एक प्रवासी, त्याचं निळ्या पोलीस बॉक्सच्या रूपातलं कालयान टार्डिस, आणि मरणाच्या दारात पोहोचला की नव्या देहात (म्हणजे नव्या नटाच्या रूपात) पुन्हा उभं राहण्याची त्याची खुबी. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी लागला. १९८९ मध्ये मालिका थांबली, १९९६ मध्ये एक टीव्ही-चित्रपट आला आणि २००५ पासून दुसरा डाव सुरू झाला.

१९८४ मध्ये कीथ बार्नफादर यांनी रीलटाइम पिक्चर्स ही छोटी संस्था काढली आणि 'मिथ मेकर्स' नावाची व्हिडिओ-मुलाखतींची माळ सुरू केली. एका कॅसेटमध्ये एक माणूस. कधी डॉक्टरचा साथीदार झालेला नट, कधी दिग्दर्शक, कधी लेखक. आजवर शंभराहून जास्त भाग झालेत. बऱ्याच मुलाखती निकोलस ब्रिग्ज यांनी घेतल्या आहेत. हेच ब्रिग्ज २००५ पासून मूळ मालिकेत डालेकांचा, म्हणजे डॉक्टरच्या यंत्रकवचातल्या शत्रूंचा, आवाज देतात. म्हणजे बाहेर उभं राहून प्रश्न विचारणारा माणूस पुढे मालिकेच्या गाभ्यात जाऊन बसला.

आता अडचण अशी की मालिकेतली दृश्यं बीबीसीच्या मालकीची. ती घालता येत नाहीत. मग हातात उरतो फक्त समोरचा माणूस. त्याला खुर्चीत बसवायचं, नाहीतर जिथे चित्रीकरण झालं त्या जागी घेऊन जायचं आणि बोलतं करायचं. माझ्या मते या अडचणीनेच 'मिथ मेकर्स'ला त्याचं वजन दिलं. अधिकृत माहितीपटात माणूस तीन वाक्यं बोलतो की लगेच क्लिप येते, संगीत येतं, पुढचा माणूस येतो. इथे तो थांबतो, आठवतो, स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतो आणि पुन्हा सांगतो. यातले कितीतरी लोक आज हयात नाहीत. त्यांचं इतकं सलग बोलणं दुसरीकडे फारसं सापडत नाही.

आणि रीलटाइम नुसत्या मुलाखतींवर थांबली नाही. १९९५ मध्ये त्यांनी 'डाउनटाइम' नावाचं नाट्य काढलं. लेखक मार्क प्लॅट, आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर बॅरी, ज्यांनी १९६३ मध्ये डालेकांच्या पहिल्याच कथेचे काही भाग दिग्दर्शित केले होते. निकोलस कोर्टनी, एलिझाबेथ स्लेडन, डेबोरा वॉटलिंग असे मूळ मालिकेतले नट. त्यात डॉक्टरचा लष्करी मित्र ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट याची मुलगी केट पहिल्यांदा पडद्यावर आली. सतरा वर्षांनी, २०१२ मध्ये, हीच केट अधिकृत मालिकेत आली आणि जेमा रेडग्रेव्ह यांनी ती आपलीशी केली. आज मालिका पाहणाऱ्या बहुतेकांना हे पात्र कुठून आलं याचा पत्ता नसतो.

असे माहितीपट इथे कुणी पाहिले आहेत का? दुसऱ्या मालिकांचेही चालतील.

सह्यकडा

छान धागा. एक कळलं नाही. दृश्यं वापरता येत नाहीत, मग ब्रिगेडियरसारखं पात्र घेऊन अख्खं नाटक कसं काय काढता आलं?

काळपेटी

सह्यकडा, नेमका प्रश्न. त्या काळात बीबीसीसाठी बाहेरचे लेखक लिहायचे, आणि त्यांनी निर्माण केलेल्या राक्षसांचे, पात्रांचे हक्क बऱ्याचदा लेखकांकडेच राहायचे. डालेकांवर टेरी नेशन यांचा हक्क होता ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तसंच हिममानवांच्या रूपातले यंत्र-यती आणि ब्रिगेडियर हे मर्विन हेझमन आणि हेन्री लिंकन यांचे, आणि सोन्टारन हे परग्रहावरचे सैनिक रॉबर्ट होम्स यांचे. चाहते थेट लेखकांकडे गेले, रीतसर परवानगी घेतली, आणि फक्त दोन गोष्टींना हात लावला नाही: डॉक्टर आणि टार्डिस. ती दोन बीबीसीची. म्हणून या नाटकांत डॉक्टर कधी येत नाही. त्याच्या आजूबाजूची माणसं येतात, आणि त्यांना एरवी कधी न मिळालेली जागा मिळते. मला हे फार आवडतं.

रात्रपाळी

काळपेटी, तुमचा जिव्हाळा समजतो, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. मी यातले काही भाग पाहिले आहेत. आवाज खराब, वाऱ्याची घरघर, प्रकाशाचा पत्ता नाही, आणि मुलाखत घेणारा स्वतःच भारावलेला. अवघड प्रश्न विचारलेच जात नाहीत. ऐंशीच्या दशकात मालिका का घसरली, निर्मिती-कार्यालयात काय चाललं होतं, हे विचारायची हिंमत चाहत्याला होत नाही, कारण पुढच्या संमेलनाला त्याच माणसाला बोलवायचं असतं. माहितीपट करणाऱ्याला विषयापासून अंतर हवं. ते बीबीसीच्या डीव्हीडींवरच्या माहितीपटांत मला जास्त दिसलं. त्यात नट-लेखक एकमेकांवर उघड टीका करतात.

काळपेटी

तांत्रिक बाजू मान्य, सुरुवातीच्या भागांत तर नक्कीच. पण रात्रपाळी, त्या डीव्हीडींवरचं काम कुणी केलं ते पाहा. जुन्या भागांची डागडुजी करणारी 'रिस्टोरेशन टीम' ही मुळात चाहत्यांचीच टोळी, त्यातले काही प्रसारणक्षेत्रात नोकरी करणारे. अंतर असलं की खरं बोललं जातं, हे मला पटत नाही. एखाद्या दिग्दर्शकाला ठरावीक भागाच्या ठरावीक शॉटबद्दल विचारायला तो भाग शंभरदा पाहिलेला माणूसच लागतो.

टेपरेकॉर्डर

मला यात वेगळी भर घालायची आहे, कारण आवाजाचं जतन हे माझं काम आहे आणि या मालिकेचं उदाहरण आमच्या क्षेत्रात नेहमी दिलं जातं.

साठच्या दशकात 'डॉक्टर हू'चे २५३ भाग झाले. व्हिडिओटेप तेव्हा महाग होती, पुसून पुन्हा वापरली जायची. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक राहिलं नाही. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिमी फिल्मच्या प्रती होत्या, त्या विक्रीचे हक्क संपले की त्याही टाकून दिल्या गेल्या. साधारण १९६७ ते १९७८ या काळात हे चाललं. कुणाच्या दुष्टपणाने नव्हे; टेप सांभाळणं एका विभागाचं काम, फिल्म सांभाळणं दुसऱ्याचं, आणि दोघांनाही वाटायचं की प्रत समोरच्याकडे असेल. १९७८ मध्ये बीबीसीने सू मॉल्डन यांना टीव्ही संग्रहाच्या निवडीचं काम दिलं. त्यांनी शोध घेण्यासाठी नमुना म्हणून हीच मालिका निवडली, आणि भोक केवढं मोठं आहे ते उघड झालं. त्याच सुमारास इयन लेव्हिन नावाचे चाहते तिथे पोहोचले आणि डालेकांच्या पहिल्या कथेच्या प्रती फेकल्या जाता-जाता वाचल्या.

आता महत्त्वाचं. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातल्या टीव्ही केंद्रात फिलिप मॉरिस यांना नऊ हरवलेले भाग मिळाले, त्यानंतर हरवलेल्यांची संख्या ९७ वर आली. पण त्या सगळ्या ९७ भागांचा आवाज आपल्याकडे आहे. एकूण एक. तो बीबीसीने जपलेला नाही. घरोघरी मुलांनी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून रीळवाल्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेला आहे. काहींनी टीव्हीच्या आतून थेट तार काढून जोडली होती, त्यांचं मुद्रण तर आजही थक्क करतं. पुढे बीबीसीने हेच आवाज निवेदन जोडून सीडीवर काढले, आणि याच आवाजांवर ॲनिमेशन बसवून 'द पॉवर ऑफ द डालेक्स'सारख्या कथा २०१६ मध्ये पुन्हा दाखवल्या. अधिकृत इमारतीचा पाया अनधिकृत आहे, असं मी म्हणेन.

दृश्यांच्या बाजूला जॉन क्यूरा. हे छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून दिग्दर्शकांना आणि नटांना विकायचे, एका भागाचे साठ-सत्तर. त्या काळी नटाला आपलं काम पुन्हा पाहायचा दुसरा मार्ग नव्हता. नव्वदच्या दशकात 'लूज कॅनन' नावाच्या चाहत्यांच्या गटाने हे फोटो आणि ते आवाज एकत्र करून हरवलेले भाग उभे केले. कोरी व्हीएचएस कॅसेट पाठवा, भरून परत मिळेल, नफा शून्य. शिवाय बऱ्याच कथांबरोबर त्यातल्या एखाद्या नटाची किंवा तंत्रज्ञाची नव्याने घेतलेली मुलाखत. रात्रपाळी, यात अवघड प्रश्न नसतील. पण साठच्या दशकातल्या छोट्या भूमिकेतल्या नटाला शोधून त्याच्या घरी कॅमेरा घेऊन कोण गेलं असतं?

रात्रपाळी

टेपरेकॉर्डर, हे वाचून माझा मुद्दा जरा मऊ झाला. जतनाच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. माहितीपट म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल आहे.

फिल्लमबाज

अवांतर, पण राहवत नाही. 'आलम आरा' (१९३१) ची एकही प्रत शिल्लक नाही. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली त्यात काय काय गेलं ते आठवलं की आजही पोटात खड्डा पडतो. आपल्याकडे कुणी थेटरात टेपरेकॉर्डर नेऊन बसला असता तर, असा विचार हा धागा वाचताना सतत येतोय.

उमा_क

काळपेटी, तुम्ही २०२२ च्या 'डॉक्टर हू ॲम आय'चं नाव कसं घेतलं नाहीत? मला वाटलं धागा त्यावरच असेल. रात्रपाळींना हवं ते अंतर त्यात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९९६ च्या टीव्ही-चित्रपटाचे लेखक मॅथ्यू जेकब्स. पॉल मॅगन डॉक्टर, एरिक रॉबर्ट्स मास्टर (डॉक्टरचा जुना वैरी), कथा सॅन फ्रान्सिस्कोत १९९९ च्या शेवटच्या रात्री घडते, चित्रीकरण व्हँकूव्हरला. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीसाठी केलेला हा प्रयोग. पुढे मालिका निघावी अशी आशा होती. ब्रिटनमध्ये नव्वद लाखांच्या आसपास लोकांनी पाहिला, पण अमेरिकेत प्रेक्षक पुरेसे मिळाले नाहीत आणि सगळं तिथेच थांबलं. चाहत्यांच्या मनात मात्र दोन गोष्टी काट्यासारख्या राहिल्या: डॉक्टर आईकडून माणूस आहे असं त्यात सांगितलं, आणि डॉक्टरने नायिकेचं चुंबन घेतलं. जेकब्स यांच्यावर वर्षानुवर्षं राग निघाला.

माहितीपट व्हेनेसा युल आणि स्वतः जेकब्स यांनी मिळून केला आहे. जेकब्स इतक्या वर्षांनी अमेरिकेतल्या चाहत्यांच्या संमेलनांना जातात, लॉस एंजेलिसच्या 'गॅलिफ्रे वन'लाही. सुरुवातीला ते अवघडलेले आहेत आणि त्यांना या मंडळींबद्दल फारशी आस्थाही नाही. ते कॅमेऱ्यापासून लपवलेलं नाही. मग चाहते एकेक करून येऊन बोलतात. कुणी विचारतं की अर्धा-माणूस ही कल्पना कुठून आली, कुणी सरळ सांगतं की आवडलं नाही, आणि कुणी सांगतं की माझा पहिला डॉक्टर हाच. कुणाच्या घरात टार्डिस आहे, कुणाचं कुटुंबच वेश करून आलंय. ज्या माणसाला वाटत होतं की हे लोक मला खातील, तो त्यांच्या घरी बसून चहा पितोय असं वाटायला लागतं.

पण मला सर्वांत भिडला तो भाग वडिलांचा. अँथनी जेकब्स हे नट. १९६६ मध्ये 'द गनफायटर्स' या डॉक्टर हूच्या कथेत त्यांनी डॉक हॉलिडेची भूमिका केली होती आणि लहानगा मॅथ्यू सेटवर गेला होता. ही कथासुद्धा चाहत्यांनी वर्षानुवर्षं सर्वांत वाईट म्हणून झोडपलेली. बाप आणि मुलगा, दोघांच्याही वाट्याला याच मालिकेतल्या नावडत्या कथा आल्या. अधिकृत माहितीपटात ही गोष्ट एक गंमत म्हणून दहा सेकंदांत गेली असती. इथे ती हळूहळू उलगडते, आणि चाहते ज्या घरगुती दुःखांसाठी या मालिकेकडे येतात तीच जेकब्स यांचीही आहेत हे लक्षात येतं.

बीबीसीने हा माहितीपट काढला असता तर १९९६ चा चित्रपट कसा जन्मला, कसा फसला, असं सांगितलं असतं. तेही हवंच. पण एका माणसाला त्याच्या कामाबद्दलच्या तिरस्काराबरोबर पंचवीस वर्षं जगल्यावर काय वाटतं, हे बाहेरूनच करता येतं.

काळपेटी

उमाताई, तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी नेटकं लिहिलंत. मी जाणूनबुजून मागे ठेवला होता, कारण त्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहावं असं वाटत होतं. मॅगन यांच्याबद्दल एक भर: २०१३ मध्ये 'द नाइट ऑफ द डॉक्टर' या छोट्या भागात त्यांना परत आणलं तेव्हा ज्या उत्साहाने स्वागत झालं, त्यावरून १९९६ मध्ये चाहत्यांचा राग नटावर कधीच नव्हता हे दिसतं. सगळं लेखकाच्या माथी आलं.

विवर

दुसऱ्या मालिकेचं चालेल म्हणालात म्हणून लिहितो. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९, सात सीझन) वरचा 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड'. हा पूर्ण अनधिकृत म्हणता येणार नाही, दृश्यांची परवानगी घेतलेली आहे. पण पैसा चाहत्यांचा. २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली दीड लाख डॉलर, जमली सहा लाखांहून जास्त. दिग्दर्शक आयरा स्टीव्हन बेअर, म्हणजे मालिकेचेच मुख्य निर्माते, आणि डेव्हिड झॅपोन.

यातली तांत्रिक बाजू टेपरेकॉर्डर यांना आवडेल. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट व्हिडिओटेपवर, जुन्या टीव्हीच्या दर्जात. त्यामुळे आज मोठ्या पडद्यावर पाहिली तर धुरकट दिसते. 'नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या मालिकेचे सगळे भाग मूळ निगेटिव्हपासून पुन्हा जोडून काढले, त्याला प्रचंड खर्च आला आणि विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. म्हणून डीप स्पेस नाइनकडे कुणी वळलंच नाही. या माहितीपटासाठी वीसेक मिनिटांची दृश्यं मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केली. युद्धाचे प्रसंग पहिल्यांदा इतके स्वच्छ दिसले की मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला. कंपनीला परवडत नाही म्हणून जे झालं नाही, त्याचा नमुना प्रेक्षकांनी स्वतःच्या खिशातून करून दाखवला.

आणि रात्रपाळी, अवघड प्रश्न इथे आहेत. मालिका चालू असताना आलेली संतापाची पत्रं नट कॅमेऱ्यासमोर मोठ्याने वाचतात. अभिनेत्री टेरी फॅरल सहाव्या सीझननंतर का गेल्या त्यावर त्या स्वतः बोलतात. समलिंगी पात्रांबाबत आम्ही पुरेसं केलं नाही असं बेअर स्वतः म्हणतात. प्रमुख भूमिका करणारे ॲव्हरी ब्रुक्स यांनी नवी मुलाखत दिली नाही, मग त्यांची जुनी मुद्रणं घातली आहेत. ती उणीव जाणवते, मी लपवणार नाही.

मधला धागा असा की बेअर, रॉन मूर, हान्स बाइमलर, रेने एचेव्हारिया आणि रॉबर्ट वुल्फ हे जुने लेखक एका खोलीत बसून कधी न निघालेल्या आठव्या सीझनचा पहिला भाग रचतात. फळ्यावर मुद्दे, वाद, खोडाखोड. त्यात नॉग हा पोरगा कप्तान झालेला आहे. नॉगची भूमिका करणारे ॲरन आयझेनबर्ग सप्टेंबर २०१९ मध्ये गेले, माहितीपट चित्रपटगृहांत लागल्यावर चार महिन्यांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओडोची भूमिका करणारे रेने ओबेरज्वा. वर्गणी दोन वर्षं उशिरा सुरू झाली असती तर हे दोघं त्यात नसते.

रात्रपाळी

विवर, हा पाहतो. वर्गणीवर काढलेल्या माहितीपटात वर्गणीदारांना न रुचणारं बोललं गेलं असेल तर माझा आक्षेप तिथे लागू होत नाही. 'मिथ मेकर्स'बद्दल मात्र माझं मत कायम.

टेपरेकॉर्डर

विवर, फिल्मवर चित्रित होऊन टेपवर संपादित झालेल्या मालिकांचं दुखणं फार मोठं आहे. निगेटिव्ह सुरक्षित असूनही ती पुन्हा जोडायला कुणाकडे वेळ-पैसा नसतो. चांगली बातमी एवढीच की निगेटिव्ह आहे. डॉक्टर हूच्या काही रंगीत भागांचं फक्त कृष्णधवल फिल्मवरचं मुद्रण उरलं होतं. त्या चित्रात रंगाच्या संकेताचे बारीक ठिपके अडकून राहिले होते. ते वाचून मूळ रंग परत मिळवण्याची पद्धत काढली आणि 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स'च्या तिसऱ्या भागाला ती वापरली. यामागेही हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही टोप्या घालणारी माणसं होती.

सह्यकडा

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू? हरवलेला एखादा भाग चाहत्यांनी उभा केलेला पाहायचा असेल तर कोणता?

काळपेटी

सह्यकडा, 'मार्को पोलो'. १९६४ मधली सात भागांची कथा, एकही भाग शिल्लक नाही, आवाज सगळा आहे. डॉक्टरची मंडळी पामीरच्या बर्फात अडकतात आणि मार्को पोलोच्या काफिल्याबरोबर गोबीचं वाळवंट ओलांडून कुब्लाई खानाच्या दरबारात जातात. राक्षस नाही, अंतराळयान नाही, नुसता प्रवास आणि माणसं. सेट आणि पोशाख इतके देखणे होते की ही कथा हरवल्याची हळहळ सर्वांत जास्त.

तिचे दिग्दर्शक वारिस हुसेन. लखनौचा जन्म, लहानपण बरंचसं मुंबईत, १९४६ मध्ये कुटुंबाबरोबर इंग्लंडला. मालिकेचा अगदी पहिला भागही त्यांचाच. व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुण निर्मात्या आणि हा तरुण भारतीय दिग्दर्शक, दोघांकडेही बीबीसीतले जुने लोक संशयाने पाहायचे.

'मार्को पोलो'चे क्यूरांनी काढलेले फोटो बीबीसीच्या दप्तरात नव्हते. हुसेन यांनी स्वतःच्या सहा भागांचे फोटो तेव्हा विकत घेतले होते आणि घरी सांभाळून ठेवले होते. कितीतरी वर्षांनी ते समोर आले. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता, त्याचे असे फोटो मिळालेले नाहीत. तिथे पुनर्रचना करणाऱ्यांनी दुसरी छायाचित्रं आणि इतर साहित्य वापरून वाट काढली आहे. पाहताना तो बदल लक्षात येईल. पहिला भाग पाहून झाला की इथे कळवा, दुसऱ्या भागापासून आपण बरोबर पाहू.

उमा_क

मीपण येते. शनिवारी रात्री चालेल का सगळ्यांना?

रात्रपाळी

चालेल. मलाही धरा.